हार्बरमास्टर

आपल्या नावातली सगळी अक्षरं ज्याच्या पोटात मावतील
असा इंग्रजी शब्द शोधून आणा,
जितका लांब तितका बरा.
चाँदपाशा सरांचा हा शनिवारचा गृहपाठ.
नावात अक्षर दोनदा असेल तर शब्दातही दोनदा पाहिजे,
उधारी चालणार नाही, म्हणायचे.

डिक्शनरी एकच. तिला पुठ्ठा नव्हता.
सरांच्या वडलांनी हैदराबादेहून आणलेली,
ती एकेका घरी रात्रीपुरती मुक्कामाला यायची
आणि आई तिला उतरंडीवर ठेवायची, उंदरांच्या भीतीनं.

मैंदर्ग्यांच्या मुक्ताला सापडला माउंटबँक.
दहा अक्षरं. अर्थ निघाला भोंदू.
आठ दिवस ती कुणाशी बोलली नाही,
वहीत शब्द मात्र लाल शाईनं.

माझं काही जमेल असं वाटत नव्हतं.
अश्रुबा. इंग्रजीत सात अक्षरं, त्यात ए दोनदा.
तालुक्याच्या पोरांना नाव ऐकूनच हसू यायचं:
रडतोस का रे?
एचच्या पानांवर, कंदिलाची काच काळी होईस्तोवर बसलो
तेव्हा भेटला.
तेरा अक्षरांचा हार्बरमास्टर.
बंदरावरचा अधिकारी,
कुठलं जहाज कुठं लागायचं ते ठरवणारा.

वर्गात कुणी समुद्र पाहिला नव्हता.
सरांनीही नाही.
आमच्या बेनीतुरेत मे महिन्यात नुसती वाळू.
तरी त्यांनी फळ्यावर अख्खा शब्द काढला,
मधल्या यूखाली रेघ ओढली, म्हणाले,
हा बोलताना ऐकूच येत नाही, बघ.
पण तो आहे म्हणून तू आहेस.

झुंबरला काही सापडेना.
झेडचं नाव कशाला ठेवलं म्हणून बापाशी भांडला.
एकदा कार्ब्युराइझपर्यंत आला होता,
लोखंडात कोळसा मुरवणे,
सगळी अक्षरं जमली, एम तेवढा राहिला.
सर म्हणाले, गणपती होऊ दे, मग बघू.

गणपती झाले.
त्या पहाटेचं मी सांगत नाही,
सगळ्यांचं सांगून झालंय.

पत्र्याच्या शेडमध्ये, सरकारी चादरीवर,
हाताला काम नाही म्हणून
मी एकदा माझी अक्षरं त्या शब्दातून वजा केली.
सहा उरली. ओ, एम, टी, ई आणि दोन आर.
फिरवत बसलो. मोर होतंय, टर्म होतंय,
मग सहाही एकदम जागेवर बसली:
ट्रेमर.
अर्थ शोधावा लागला नाही,
शेडमध्ये येणारे पाहुणे तोच शब्द बोलत होते.
वही मिटली. आजवर कुणाला दाखवली नाही.

आता उमरग्याच्या स्टँडवर कंट्रोलर आहे.
नळदुर्गमार्गे सोलापूर फलाट दोन,
गुलबर्गा चार, लोहारा बाहेरून लागेल.
माइकात बोलता बोलता कधी हसू फुटतं,
लोकांना वाटतं साहेबाला काय झालं.
मुलगा म्हणाला, पप्पा, मोबाइल तुमच्या शब्दाखाली
तांबडी रेघ मारतोय, यू जास्तीचा आहे म्हणं.
काढू का?
राहू दे, म्हटलं. जोरात म्हटलं बहुतेक,
तो बघतच राहिला.

शेवटची हैदराबाद साडेअकराला सुटते,
औशाची पहिली पावणेपाचला.
मधल्या वेळात जुन्या वेबिलांच्या पाठीवर
झेड, यू, एम, बी, ए, आर लिहितो
आणि आडवंतिडवं करून बघतो.
अजून तरी नाही.
चारला चार कमी असताना उठून बाहेर उघड्यावर उभा राहतो, सवयीनं.

तेवढ्यात चहावाला येतो.
त्यालाच विचारतो कधी कधी,
एखादा शब्द ठाऊक आहे का रे, चांगला लांबचा?
तो किटली खाली ठेवतो.
लांबचा म्हणजे कुठला, साहेब?
पुण्याचा?