पाठभेद

न्यूबरीपोर्टच्या इतिहास मंडळात, मंगळवारी,
मी एकोणीस नंबरचा खोका उघडते.
एक वही. कोपरे उंदरांनी चाखलेले.
आत तिरक्या अक्षरात: मेहिटेबल कॉफिन, वय सोळा,
सन अठराशे सात.
खाली एक धून, आणि तिची नऊ रूपं.

धून अगदी साधी, धक्क्यावरच्या कालवंवाल्यांची असावी.
निदान तिच्या मास्तरांनी वर तसं लिहिलंय:
"रस्त्यावरून उचलली. धुऊन घेतली."

पहिल्या रूपात ती शहाण्यासारखी चालते.
दुसऱ्यात उजवा हात तीन-तीन पायऱ्या एकदम उतरतो,
मग डावा त्याला वेडावून दाखवतो.
चौथ्यात हात एकमेकांवरून उड्या मारतात;
तिथे शाईचा डाग, आणि समासात:
जमत नाही. जमत नाही. जमलं.
पाचव्यावर सूचना: वडील झोपल्यावर वाजवू नये.
सहावं सगळं कोमल स्वरांत.
त्याच्याशेजारी काही नाही, फक्त पिठाचा भाव.

त्या डिसेंबरात बंदर बंद झालं.
जहाजं नुसती उभी.
शिकवणीची फी, मेहिटेबल लिहिते, या महिन्यात सुका कॉड.
पुढच्या महिन्यात फीच नाही.
नववं रूप सातव्या ओळीत थांबतं.
पुढे पानभर रेघा आखून ठेवलेल्या,
पट्टी लावून, नीट, कुणीतरी येणार असल्यासारख्या.

दालनात चौकोनी पियानो आहे, टेबलासारखा बुटका.
दहा मिनिटं वाजवायची परवानगी मिळाली.
मी काही वादक नाही. लहानपणी पेटी, तीही रडतरडत.
वरचा धैवत मुका: कसरीने नमदा खाल्लाय.
आणि धून नेमकी तिथेच चढते.
मुखडा येतो, चढतो, आणि
ठक.
नुसतं लाकूड.
प्रत्येक रूप कितीही नटून आलं तरी
त्याच खड्ड्यात पाय घालतं.

"चुकतंय," दारातून डेलमोर पेटिंगिल म्हणाला.
तो इथला पहारेकरी. किल्ल्या खिशात धरून, आवाज होऊ नये म्हणून.
"ती तिथे वर जातच नाही. खाली येते.
वडील होडी रंगवताना म्हणायचे."
आणि त्याने शीळ घातली,
जरा बेसूर, पण समेवर बरोबर.

नोंदीच्या कागदावर एक रकाना असतो: मूळ.
मी पेन्सिल टेकवली.
मास्तरांनी धुण्याआधी ती कशी होती?
कालवंवाल्यांना कुणी दिली,
कुठल्या गलबतावर, कुठल्या भाषेत?
रकाना तसाच ठेवला.
खाली शेरा: एक पाठभेद, शिळेवर. सांगणारा पेटिंगिल.

संध्याकाळी मेरिमॅकच्या पुलावर, वारा तोंडावर घेत,
ती माझ्याही ओठांवर होती.
चढते तिथे एक मुरकी आली होती,
वहीत नसलेली, डेलमोरकडेही नसलेली,
बहुधा पेटीच्या मास्तरीणबाईंची, ज्यांना मी घाबरायचे.

तीही नोंदवायची का,
हे अजून कुणाला विचारलेलं नाही.