तोंडाची वाफ

हजेरीला गुण नाहीत, सहभागाला दहा आहेत,
असं विभागानं सप्टेंबरात कळवलं.
म्हणून मी एक वही केली.
डावीकडे नावं, उजवीकडे रेघा,
बटाट्याची पोती मोजतात तशा :
चार उभ्या, पाचवी आडवी.

तार्तूत लोक मुळात मोजूनच बोलतात.
माझे आजोबा एकदा स्वतःच्या लग्नात बोलले
आणि एकदा गाय मेली तेव्हा.
अशा मुलखात तत्त्वज्ञान शिकवायचं
म्हणजे प्रश्न टाकून
खिडकीकडे बघत थांबायला शिकायचं.

ओट्टोमारच्या नावापुढे रेघांचं कुंपण झालंय.
तो हात वर करत नाही, त्याचा हात वरच असतो.
आधी बोलतो, मग विचार करतो,
मग आधीचं कसं बरोबर होतं ते बोलतो.
त्याचा राग नाही येत मला.
तो नसता तर त्या खोलीत
एकट्या रेडिएटरनं युक्तिवाद केला असता.

हेल्वे चुकते, लाल होते, पुन्हा बोलते.
तिला मी कधी कधी दीड रेघ देते.

आणि वाइके.
आमच्या भाषेत या नावाचा अर्थच शांत.
हल्ली कोणी ठेवत नाही.
दाराजवळची खुर्ची, करडी लोकरी टोपी,
तेरा आठवडे कोरी ओळ.
एकदा मी थेट विचारलं, तुला काय वाटतं?
ती बघत राहिली माझ्याकडे इतका वेळ
की प्रश्न मलाच विचारल्यासारखा झाला.
मी घाईनं पुढच्याकडे वळले.

ती घाई कुठल्या रकान्यात लिहायची?

डिसेंबरात जुन्या इमारतीचं हीटिंग बंद पडलं.
बाहेर उणे एकोणीस, आत कोट घातलेले आम्ही नऊ जण.
विषय : दुसऱ्याचं दुखणं आपल्याला कळू शकतं का.
त्या दिवशी बोललेला शब्द न् शब्द दिसत होता.
ओट्टोमारचे लोटच्या लोट,
हेल्वेचे तुकडे,
माझ्या "का?"चा एक लहान गोळा
टेबलावर तरंगून विरला.
तोंडाची वाफ दवडणं म्हणतात ते हेच,
असं मनात येतंय तोवर
दाराकडे लक्ष गेलं.

वाइकेचे ओठ उघडले. जराशी वाफ.
शब्द नाही. ओठ मिटले.
ओट्टोमार म्हणाला, दुखणं म्हणजे शेवटी वागणं.
पुन्हा ओठ उघडले. वाफ. मिटले.
हेल्वे म्हणाली, पण माझी दाढ...
पुन्हा.

मी मोजत गेले. अकरा वेळा.
अकरा वेळा ती वाक्याच्या उंबऱ्यापर्यंत आली,
आत कोणीतरी आधीच बोलत होतं म्हणून
बूट न काढताच परत गेली.
म्हणजे उबदार खोलीत तेरा आठवडे
हेच चाललं असणार,
आणि मी कोऱ्या ओळीला कोरी म्हणत होते.

मी म्हटलं, आता पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही.
का म्हणून? ओट्टोमारनं विचारलंच.
मग नऊ तोंडांपुढे नऊ ढग, येत, जात,
मधे मिसळत,
कोणाचा कोणता सांगता येईना.
चौथ्या मिनिटाला वाइके म्हणाली,
"दुखतंय का, असं आपण त्याला विचारतच नाही.
आपल्याला कळेल की नाही, एवढंच बोलत बसतो."

ओट्टोमारनं घड्याळ पाहिलं.
"अजून एक मिनिट बाकी होतं," तो म्हणाला,
आणि मग, का कोण जाणे, टोपी काढून
ते एक मिनिट गप्प बसला.

सोमवारी हीटिंग दुरुस्त झालं.
वाइके पुन्हा काही बोलली नाही.
मी मात्र प्रश्न टाकला की
दाराजवळच्या हवेकडे बघते,
धुकट काच हातानं पुसावी तशी.

तिच्या ओळीत मी काय लिहिलंय
ते विभागाला लागलेलं नाही.
त्यांचा ईमेल आलाय :
कृपया आकड्यात कळवा.