प्रकाशा, भोईगल्ली

देवळांकडे जाणारी वाट सोडून
डाव्या हाताला उतरलो,
तर आधी फुटाण्यांचा वास,
मग मासळीचा.
एकाच ओट्यावर दोन्ही :
कढईतल्या तापल्या वाळूत हरभरा उडतोय,
शेजारी निळ्या नायलॉनचं जाळं,
त्यात अडकलेली कुणा पोराची एकच चप्पल.

जुना घाट कुठे, मी विचारलं.
झिपाबाईंनी झारा न थांबवता
हनुवटी पाण्याकडे केली.
"तठे. खाले."

बॅरेज बांधल्यापासून तापी इथे उभीच असते.
सतरा पायऱ्या बुडाल्या.
अठरावीवर आम्ही बसलो,
तिलाच आता गल्लीत पहिली म्हणतात.

पूर्वी चैतात नदी अंग चोरायची,
वाळूत घरटी एक डांगरवाडी.
रात्री कोल्हे यायचे,
राखणीला नवरा डबा बडवायचा.
त्याचं नाव त्यांनी घेतलं नाही,
नातू मध्येच बोलला : पुंजू.
डबा अजून आहे. त्यात मीठ असतं.

कटला ठेकेदाराचा.
मरळ सापडली तर नशिबाची.
चिलापी कुणाचीच नाही, म्हणून आमची,
असं म्हणून त्या हसल्या,
आणि पहिल्यांदा झारा थांबला.

मग न विचारताच सुरत निघालं.
थोरला, उखर्डू, तिथे साड्या रंगवतो.
नातीच्या बारशाला गेल्या होत्या,
तेव्हा त्याने फटफटीवरून समुद्र दाखवला.
"बोट बुडवं, चाखं.
पानी आपलंच शे, फक्त खारं व्हई गयं."

बंदरावर होड्या घराएवढ्या,
प्रत्येकीवर रंगवलेलं नाव, वाचता येईना.
खाली बायका टोपल्या ओतून बसलेल्या,
मासे असे, की ह्यांनी जन्मात पाहिले नव्हते :
चपटे, चंदेरी, एकाला तर चक्क मिशा.
भाषा कळत नव्हती.
उखर्डू मोबाइलवर फोटो काढत होता,
तोवर ह्या पदर खोचून त्यांच्यात बसल्याही.
लहान इकडे, मोठे तिकडे,
मेलेलं मऊ वेगळं.
तासभर.
पोरगा लाजला, "माय, ऊठ, लोक पाहताहेत."
एका बाईने मात्र त्यांचा हात उलटा करून पाहिला,
काट्याने चिरलेली जुनी रेघ अंगठ्याशी,
आणि स्वतःचा हात शेजारी धरला.

एवढंच.
निघताना तिने मूठभर सुके बोंबील दिले.
ते वर्षभर टांगून होते चुलीवर,
खायला धीर होईना.
शेवटी मांजराने नेले.

मध्ये उकाईचं धरण आहे, मी म्हणालो,
इथलं पाणी सरळ जात नाही तिथवर.
"थांबत थांबत जास," त्या म्हणाल्या,
"मना पोर बी तसाच गया,
आधी नवापूर, मंग व्यारा."

पावशेर फुटाणे आणि दोन चिलापी
त्यांनी एकाच पिशवीत कोंबल्या,
मध्ये फक्त वर्तमानपत्राचा एक कागद.
सुट्टे दिले ते ओले होते.

फाट्यावर एस.टी. मिळाली.
कंडक्टर तिकीट फाडता फाडता थबकला,
नाक वर करून म्हणाला, मासळी आहे का कुणाकडे?
मी फुटाणे पुढे केले.
त्याने एक मूठ घेतली, चावली,
म्हणाला, ह्यांनाही वास आहे,
आणि दुसरी मूठ घेतली.