रकाना

शाळेच्या फॉर्मवर सातवा रकाना:
‘घरी अभ्यास कोण घेतं?’
पुढे एवढीशी रेघ.
तिच्यावर एक नाव मावेल, फार तर आडनावाचं पहिलं अक्षर.

आमच्याकडे, झेस्टापोनीत, रात्री नऊ वाजता
आंबट आलुबुखाराच्या चटणीच्या बरणीला टेकून
आई उभी राहते,
वीतभर, एका कोपऱ्यात तडा गेलेली.
तिकडे इटलीत, बारी शहरात, तेव्हा सहा वाजलेले असतात.
कुणा परक्या म्हातारीचं सूप ती ढवळत असते
आणि माझ्याकडे बघत नाही.
मीही बघत नाही.
भिंगाचं सूत्र तिला कधी आलं नाही,
ती शिवणकाम शिकलेली.
फक्त माझं पेन फार वेळ थांबलं
की तिकडे चमच्याचा आवाज थांबतो.

पहिल्या वर्षी ती विचारायची, किती मिळाले?
दहापैकी चार असायचे. मी सात सांगायचे.
तिला ते माहीत होतं, हे मला
फार उशिरा कळलं.
मग एकदा म्हणाली, ‘मार्क राहू देत.
आज काय अडलं, ते सांग.’
मी सांगायला लागले,
सांगता सांगता मध्येच गप्प झाले
आणि वही पुढे ओढली.

जानेवारीत बर्फानं तार तुटली.
बरणी नुसतीच बरणी.
बाबा भट्टीवरून आले, पापण्यांत काळी पूड,
खुर्ची ओढून बरणीमागे बसले.
‘ती काय करते?’
काही नाही. असते.
‘काहीच नाही?’
ढवळते मधूनमधून.
ते उठले, रिकामं पातेलं घेऊन आले
आणि चमचा फिरवू लागले, इतक्या जोरात
की मला हसू फुटलं, एक अख्खं उदाहरण चुकलं.
अकराच्या सुमारास बसल्या बसल्या झोपले,
चमचा मुठीत तसाच.

परवा भौतिकशास्त्रात आठ आले.
मारो बाई म्हणाल्या, शिकवणी लावलीस वाटतं?

फॉर्म उद्या द्यायचाय.
‘मझिया’ लिहिलं, खोडलं.
‘झुराब’ लिहिलं, तेही खोडलं.
आता रेघेवर जागा उरली नाही.
बरणीकडून आवाज येतो,
‘एलिसो, कुठे अडलं गं?’
सातव्यावर, मी म्हणते.