त्रिएस्तला जातेस म्हणून

किल्ला कुठे, चर्च कुठलं, ते मला विचारू नकोस.
आमचं जहाज गोदीत उभं होतं अकरा आठवडे,
एका सुट्या भागाची वाट बघत,
आणि मी ते शहर पाहिलं
भूक लागलेल्या, पायमोजे फाटलेल्या माणसानं पाहावं तसं.

आधी कॉफी.
तिथे तिला वेगळीच नावं आहेत.
काळी हवी तर 'नेरो' म्हणायचं,
थोडं दूध हवं तर 'कापो',
काचेच्या पेल्यात हवी तर 'कापो इन बी'.
पहिल्या दिवशी मी नुसतं 'कॉफी' म्हणालो,
तर गल्ल्यावरचा तुल्लिओ असा बघायला लागला,
जणू भांड्यांच्या दुकानात जाऊन मी 'भांडं द्या' म्हणालो.
उभ्यानंच प्यायची. बसलीस तर पैसे वाढतात.

जेवायला बंदरामागच्या गल्लीत,
जिथे खिडक्या वाफेनं कायम आंधळ्या.
मोठ्या हंड्यात सकाळपासून डुकराचं मांस शिजत असतं,
वर एक पांढरं मूळ किसून घालतात,
नाकातून थेट कपाळात जातं.
तू खात नाहीस, माहीत आहे.
मग 'योता' माग: राजमा, बटाटा, आंबवलेला कोबी.
पहिला घास आवडणार नाही.
मलाही नव्हता आवडला.
तिसऱ्या दिवशी मी पावानं पुसून वाटी साफ केली.

रविवारी बस धर, वर दगडाळ पठारावर जा.
कुठल्या तरी वळणावर खांबाला हिरवी फांदी बांधलेली दिसेल,
खाली लाल बाण.
म्हणजे पुढच्या शेतकऱ्याचं अंगण उघडं आहे,
या आठवड्यापुरतं.
उकडलेली अंडी, घरचं चीज, काळीभोर आंबट वाइन.
फांदी सुकलेली असली तर मागे फिर.

खरेदी म्हणशील तर एकच दुकान.
एजिदिओ. छत्र्या.
तिथे 'बोरा' नावाचा वारा सुटतो,
डोंगराकडून समुद्राकडे, उलट्या काळजाचा.
माणसांना धरायला कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधतात,
कचऱ्याच्या पेट्यांतून मोडक्या छत्र्यांच्या काड्या वर येतात.
अशा दिवशी एजिदिओ छत्री विकत नाही.
"उद्या या," म्हणतो, "आज विकणं म्हणजे चोरी."

राहायला ओंदिना चेर्गोलकडे.
चौथा मजला, लिफ्ट नाही.
पैसे मोजते जर्मनमध्ये, शिव्या देते तिथल्या बोलीत,
देवाशी मात्र स्लोव्हेन.
खिडकीला दुहेरी काच,
आणि पलंग असा, की उजव्या कुशीवरच झोपावं लागतं.
पोहायला जाते ती त्या किनाऱ्यावर,
जिथे बायका आणि पुरुषांच्या मध्ये पांढरी भिंत आहे,
थेट पाण्यात उतरलेली.
मी अलीकडे, ती पलीकडे.
एकदा भिंतीवरून हाक आली:
"गॅस बंद केलास का?"
अलीकडचे सगळे पुरुष माझ्याकडे बघून हसले.
"केला!" मी ओरडलो.
केला होता की नाही, आठवत नव्हतं.
पण त्यानंतर बराच वेळ मी पाण्यावर पाठ टेकून पडून होतो,
कान बुडलेले, तोंड आभाळाकडे.

तो सुटा भाग आला एका बुधवारी.
गुरुवारी पहाटे आम्ही निघालो.
तिची छत्री तेव्हा एजिदिओकडे होती,
मूठ निखळलेली,
मीच दुरुस्तीला टाकली होती.

सोबत पावती पाठवतोय.
आकडा पुसट झालाय, सेहेचाळीस असावा.
बावीस वर्षं झाली. दुकान नसेलही,
तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळत असतील.
पण असलंच, आणि छत्री मिळालीच,
तर इकडे आणू नकोस.
वारा असेल तर काखेत धर, उघडू नकोस,
आणि चार जिने चढ.
कुणी पाठवली, असं तिनं विचारलं
तर सांग, गॅस बंद होता.

नसेल ती,
तर तुल्लिओकडे ठेव छत्री.
एक कापो घे.
उभ्यानंच.