५५१.४८९

कॉम्प्युटर म्हणाला, उपलब्ध.
एक प्रत, तळमजला, रॅक सतरा, खालचा खण.
खालच्या खणात भूकंप होते, ज्वालामुखी होते,
खडकांच्या जातींवर एकसारखी अकरा पुस्तकं होती,
आणि पुराच्या जागी
बोटभर फट.

मी मखमलाबादहून सायकल मारत आलेली,
ओढणीला ग्रीस,
टीवाय भूगोल, प्रकल्पाला नऊ दिवस बाकी.
विषय: गोदावरीच्या पूररेषा, शहर हद्द.
विषय मीच निवडलेला. कोणाला बोलणार.

खैरनार मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे वळवली.
"हे बघ, उपलब्ध दाखवतंय."
"पण नाहीये, मॅडम."
"पण दाखवतंय ना."
असं आमचं दोनदा झालं.

मग कार्डांचं जुनं कपाट.
त्यावर आता झेरॉक्सची रिमं आणि कोणाचा तरी डबा असतो.
ड्रॉवर ओढला, डांबरगोळीचा वास आला,
आणि निळ्या शाईत, वळणदार, तोच आकडा.
खाली पेन्सिलीनं एक बारीक 'नि'.
निर्लेखित. म्हणजे रद्दी.
म्हणजे आठ रुपये किलो.
"मग गेलं ते," मॅडम म्हणाल्या, जरा हळू.

गांगुर्डेमामा तेव्हा स्टुलावर उभे राहून
पंख्याची पाती पुसत होते.
खाली न बघताच म्हणाले,
"दोनशे चौऱ्याण्णवच्या मागं हात घाल."

दोनशे चौऱ्याण्णव म्हणजे धर्म.
कुंभमेळ्याचे अहवाल, कोणीच न काढलेले जाड खंड.
त्यांच्यामागे भिंतीला पाठ लावून
वर्तमानपत्रात गुंडाळलेला
एक फुगलेला, वाकडा, तपकिरी ठोकळा.

मामांना इंग्रजी येत नाही. आकडे येतात.
"त्या वर्षी पाणी शिरलं ना आत,
खालचे खण सगळे गेले. साहेबांनी यादी केली, टेम्पो आला.
हे एक मी गच्चीवर उन्हात घातलेलं.
तवर टेम्पो गेला."
मी पुढं काही विचारलं नाही.
वर्तमानपत्र मागच्याच दिवाळीचं होतं.

घरी न्यायचं नाही, झेरॉक्स नाही,
पान उलटलं की कोपरा हातात येतो.
म्हणून सहा दुपारी खिडकीजवळच्या टेबलावर
स्टीलच्या पट्टीनं पान उचलायचं, वहीत उतरवायचं:
कोणत्या पुलाला किती, घाटाची कितवी पायरी,
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला कधी, छातीला कधी,
कधी नुसतीच जागा सांगता येत होती, की इथं मारुती आहे.

चौथ्या दुपारी दिसलं.
प्रत्येक पानावर, एकाच उंचीला,
बशीत सांडलेल्या चहासारखी एक रेघ.
इतके दिवस मी तिच्यावरनंच वाचत होते.

पट्टी लावली. बुडापासून नऊ सेंटिमीटर, तीन मिलिमीटर.
कागद पाणी वर ओढतो, म्हणून
जुनी प्रश्नपत्रिका बादलीत उभी करून बघितली:
दोन सेंटिमीटर वजा.
खालचा खण जमिनीपासून अकरा.
टेपचं दुसरं टोक मामांनी धरलं, गुडघे कुरकुरले.
जमीन रस्त्यापासून तीन पायऱ्या,
तिन्ही सारख्या नाहीत, तिन्ही मोजल्या.
मी पाहिलेल्या एकाही नकाशात
आमच्या वाचनालयातलं पाणी नव्हतं.

पुस्तक परत गुंडाळलं, या आठवड्याच्या पेपरात,
आणि ठेवलं जिथं होतं तिथंच, धर्मामागे.
मॅडमनी बघितलं. यादीत काही बदललं नाही.

संदर्भसूचीत अडले.
लेखक, वर्ष, प्रकाशक, पृष्ठ, सगळं बसलं.
पण रेघ कोणाची?
मी लिहिलं: गोदावरी.
सरांनी लाल पेनानं खोडलं. समासात: कविता नको.

त्याच्या खालची नोंद मात्र राहू दिली.
गांगुर्डे, पुंजाराम. तोंडी माहिती.
दुपारी पावणेतीन, स्टुलावरून.