साडेअठरा मीटर

डाव्या तर्जनीचं मधलं पेर वाकत नाही.
डॉक्टरांनी विचारलं, काय लागलं होतं?
म्हटलं, पुंजाराम.

पुंजाराम बोराडे. डावखुरा. पिचर.
मी त्याचा कॅचर, म्हणजे
साडेअठरा मीटरवर उकिडवा बसलेला माणूस,
गोल्फ क्लब मैदानाच्या त्या कोपऱ्यात
जिथे क्रिकेटवाले आम्हाला जागा ठेवत,
म्हणजे ठेवत नसत.
सकाळी साडेपाच. जानेवारी.
तळहाताला चेंडू नाही, थंडीच येऊन लागायची.
टीमला कॅचरचा ग्लोव्ह एकच.
त्या दिवशी तो माझ्या हातात होता.
निवड अशीच झाली.

बेसबॉलला एकशे आठ टाके असतात, तांबडे.
सरांचं हे म्हणणं त्याच्या आईला पटेना.
कोंडाबाईंनी चष्मा लावून सुईच्या टोकाने मोजले.
मधेच दूध उतू गेलं.
पुन्हा पहिल्यापासून मोजले.
मग म्हणाल्या, आता हा जमिनीवर ठेवू नका रे.
त्याने कधी ठेवला नाही.
फेकला.

दहावीच्या जादा मार्कांसाठी आलेले आम्ही तेरा जण.
निकाल लागला, अकरा गेले.
उरला एक फेकणारा, एक झेलणारा.
एवढ्यावर खेळ भागतो असं आम्हाला वाटायचं.

एक बोट: सरळ. दोन बोटं: वळणारा.
चार नाचवली तर संथ.
मांडीआड मी सांगायचो
आणि तो मान हलवायचा. नाही.
सांगलीला फायनलच्या शेवटच्या बॅटरला
मी तीनदा दोन बोटं दाखवली.
तीनदा नाही.
सरळच टाकला.
बॅटर बाद, कप आमचा, पेर माझं.
रात्री एसटीत बोटाला बर्फ बांधून बसलो होतो.
तो म्हणाला, वळवला असता तर तुला लागला नसता.
आणि झोपला.

मग करार आला, चार पानी,
दुबईच्या कुठल्याशा लीगचा. एक हंगाम. पगार डॉलरमध्ये.
मी तेव्हा नाशिकरोडला प्रेसमध्ये नुकताच लागलेलो,
ओव्हरटाइम सोडून त्याला विमानतळावर पोचवलं.
परत आल्यावर त्याने सांगितलं, आत तपासणीवाल्याने
बॅगेतून चेंडू काढून विचारलं, हे काय आहे?
‘काम,’ पुंजाराम म्हणाला.
ही गोष्ट तो अजून सांगतो.
बाकीच्या सांगत नाही.

चौतीस इनिंग. एकोणतीस बाद.
मग खांद्यातला एक दोरा गेला,
एकशे नववा, जो कुणी मोजला नव्हता.
पुढच्या वर्षी लीगच भरली नाही.
हाती राहिलं काय, तर पासपोर्टवर दोन शिक्के
आणि एक निळी टोपी.
ती घालून कोंडाबाई गच्चीवर कुरडया घालतात.

आता तो पंचवटीत, मार्केट यार्डात.
मेथी-कोथिंबिरीचा लिलाव झाला की गाड्या भरायच्या.
खालून एकाने जुडी फेकायची, वर एकाने झेलायची.
खांदा नाही, कमरेतून, डाव्या हाताने,
शेकड्यावर मजुरी.
‘म्हणजे अजून प्रोफेशनलच,’ म्हणतो,
‘आणि पैसे रोजच्या रोज.’

परवा वरचा पोरगा आलाच नाही.
मी भाजी घ्यायला गेलेलो, खरंच भाजीच घ्यायला.
चढलो गाडीत.
ताडपत्रीखाली पिवळा बल्ब, ओल्या पाल्याचा वास.
उकिडवा बसलो. गुडघे बोलले.
सवयीने मांडीआड दोन बोटं दाखवली.

पुंजारामने जुडी झटकली, पाणी उडालं.
वर बघितलं.
मान हलवली.